लागला का?

शिरवळ ओलांडल्यावर, खंबाटकीचा घाट लागण्याआधी, एका ढाब्यावर चहा पीत उभा होतो. दिवेलागणीची वेळ. हा शब्दच असा आहे की तो आठवला की आजी आठवते. देव्हाऱ्यात निरांजन लावून झालं की ती मागच्या दारी कंदील टांगायची. मागच्या दारी कोण येतं गं, असं विचारलं तर म्हणायची, ‘‘आलाच कुणी, तर आदळू नये.’’ एवढ्यात समोर उभ्या असलेल्या लांबलचक ट्रेलरच्या केबिनमधून एक फेटा बाहेर डोकावला. ‘‘साहेब, जरा मागं हुबं ऱ्हाता का? बिरेक दाबतो, लागतोय का तेवढं बगा.’’

पूर्वी हे काम क्लीनरचं. मालकांनी हिशेबात काटछाट केली तेव्हा पहिला कापला गेला तो हा पोरगा, आणि तेव्हापासून ड्रायव्हर ढाब्यावर चहाआधी असा एक माणूस शोधतो. कारण मोठा गमतीचा आहे. चाळीस टनांचं धूड घाटातून वळवणाऱ्या माणसाला आपल्याच गाडीचा लाल दिवा पेटलेला पाहता येत नाही. पाय ब्रेकवर, दिवा पन्नास फूट मागे. आपण घोरतो की नाही हे जसं दुसऱ्याने सांगायचं, तसंच हे.

मी मागे जाऊन उभा राहिलो. ट्रकची पाठ हा आपल्याकडचा सर्वांत बोलका प्रदेश. लिंबूमिरची, काळी बाहुली, मुलांची नावं आणि ते ‘हॉर्न ओके प्लीज’, ज्यावर सरकारने 2015 मध्ये बंदी घातली तरी जे इथे खुशाल नांदत होतं. एवढ्या बडबडीत खरं बोलायचं होतं ते दोन दिव्यांनी, आणि त्यांचाच घसा बसलेला. ‘‘लागला का?’’ समोरून हाक आली. लागला म्हणावं तर लागला नव्हता, नाही म्हणावं तर खोटं. ब्रेक दाबला की दिवा उजळायच्या ऐवजी लाजून मंद होत होता, आणि डावा सिग्नल दिला की उजवीकडचं काहीतरी दचकत होतं.

‘‘अर्थिंग गेलंय,’’ फेटेवाले मामा उतरत म्हणाले. मग त्यांनी मला विजेची गोष्ट सांगितली. पुढचा घोडा आणि मागचा ट्रेलर यांची सोयरीक जुन्या टेलिफोनच्या दोरीसारख्या वेटोळ्या केबलने झालेली. तिच्या टोकाला सात पिना, म्हणजे सप्तपदीच. बल्ब एकच, पण त्याच्या पोटात दोन तारा: रात्रभर तेवणारी पाच वॅटची, आणि ब्रेक दाबल्यावर भडकणारी एकवीस वॅटची. वीज येते वायरीतून, परत जाते लोखंडी सांगाड्यातून. वायर सांगाड्याला जोडते तो सांधा गंजला की बिचारी शेजारच्या तारेतून घरी जायला बघते, आणि मग भलताच दिवा भलत्या वेळी मिणमिणतो. गावाकडचा रस्ता खचला की लोक दुसऱ्याच्या शेतातून जातात, त्यातलीच गत. मामांनी पॉलिश पेपरने सांधा घासला, बोल्ट आवळला. लागला! दोन्ही, लालभडक.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटलंय की हा लाल दिवा एकशे पंचावन्न मीटरवरून दिसला पाहिजे. दीडशे नव्हे. वरचे पाच मीटर कुठल्या काळजीवाहू कारकुनाने घातले असतील कोण जाणे. माझ्या आजीशी त्याचं जमलं असतं. मालक मात्र ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणतात, आणि बल्ब येतो मामांच्या खिशातून.

‘‘आता तुमची बगू,’’ हात पुसत मामा म्हणाले. मी जरा हसलोच. माझी गाडी सर्व्हिसिंगहून येऊन महिनाही झाला नव्हता. बसलो, ब्रेक दाबला. मागे शांतता.

‘‘दाबा की!’’

‘‘दाबलाय!’’

‘‘डावा लागत न्हाई. कवापासनं?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी डबा उघडून नवा बल्ब काढला, उजेडात धरला आणि परत ठेवला. त्यांचा चोवीस व्होल्टचा, माझ्या गाडीला बाराचा. छातीएवढं चाक असलेल्या गाडीचा बल्ब माझ्या कामाचा नाही, याचं त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, ‘‘तुमी म्होरं चला. मी हाय मागं.’’

असा खंबाटकीचा घाट मी कधी चढलो नव्हतो. पुढे मी, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि आरशात दोन मोठे पिवळे डोळे, अंतर राखून, वरातीतल्या वडीलधाऱ्यासारखे. मागची वाहनं चिडून हॉर्न देत होती. तशी आज्ञा तर मामांच्या पाठीवरच लिहिली होती. मी कुणालाही ओव्हरटेक केलं नाही. माथ्यावर रस्ता सपाट झाला तेव्हा मामांनी एकदा डिप्पर मारला. उत्तरादाखल मी ब्रेकला नुसता पाय लावला.

उजवा लागला असावा.