अधिक महिन्यातलं लग्न आणि दहा हजेऱ्या

स्लाव, १ मार्च २०२६

ती. आईस व बाबांस,


आई, तुझा फोन पहाटे साडेचारला वाजला तेव्हा मला वाटलं, बाबा पुन्हा माळ्यावर चढले आणि या वेळी पडले. तुमचे जावई ताडकन उठून बसले, "कोण गेलं?" म्हणाले आणि उत्तर न ऐकताच परत झोपले. आणि तू विचारतेस काय, तर "मनू, ग्रेसचं लग्न अधिक महिन्यात येतंय, हे तुम्हा एकालाही दिसलं नाही का गं?" झोपेत मी काय बोलले ते मला आठवत नाही. आत्याने मात्र दुपारी व्हॉट्सॲपवर 'मनूला आता पंचांग पटत नाही' असं जाहीर केलेलं वाचलं. म्हणून हे सविस्तर पत्र. मशीनमध्ये गणवेश फिरताहेत, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरी झाली की उठेन. अक्षर बदललेलं दिसलं तर मध्ये भाजी परतून आले असं समज.

दिसलं होतं, आई. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आणि लग्न पनवेलला २३ मेला. कालनिर्णय तूच माझ्या बॅगेत कोंबलं होतंस, ते फ्रिजवर लटकलंय. पण ही तारीख फादरनी काढली नाही की ग्रेसच्या आईने. ती काढली इथल्या शाळेने.

इंग्लंडात शाळा चालू असताना मुलांना परवानगीशिवाय सुट्टीवर नेलं तर दंड होतो, हे तुला मी फोनवर अनेकदा सांगितलं आणि दर वेळी तू "काहीतरीच!" म्हणालीस. आता लेखी घे. दिवसाच्या हजेऱ्या दोन, सकाळची एक आणि दुपारची एक. शाळेच्या दहा आठवड्यांत अशा दहा हजेऱ्या विनापरवानगी बुडाल्या की घरी पत्र येतं. एकवीस दिवसांत भरलात तर ८० पौंड, नंतर भरलात तर १६०. बरं, हा दंड घरटी एक नाही. मुलागणिक आणि पालकागणिक! चिमीचा माझा वेगळा, चिमीचा तिच्या बापाचा वेगळा, बंड्याचेही तसेच दोन. म्हणजे ३२० पौंड, चाळीस हजारांच्या घरात रुपये. तीन वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर सवलत नाही, सरळ १६०. तिसऱ्यांदा सापडलात तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. बाबा, तुम्ही मला चौथीत असताना पालीच्या जत्रेसाठी आठवडाभर शाळेतून काढलं होतंत आणि गुरुजी स्वतः सोबत आले होते, हे मी इथे कुणाला सांगत नाही.

हेडबाईंनी 'अपवादात्मक परिस्थिती' मानली तर सुट्टी मिळते. मी अर्ज केला. मैत्रिणीचं लग्न आहे, मुलगी नवरीपुढे फुलं घेऊन चालणार आहे, असं सगळं लिहिलं. उत्तर आलं, अभिनंदन, पण नाही. दुसरीकडे विमान कंपन्यांना शाळांचं वेळापत्रक मुलांपेक्षा चांगलं पाठ. सुट्टी लागली की तिकीट दुप्पट. त्यामुळे शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या निम्म्या आया मनात एकच गणित करत असतात, दंड स्वस्त की तिकीट? ग्रेसच्या भावाची तिन्ही मुलं लेस्टरच्या शाळेत, म्हणजे त्याचे सहा दंड. तो म्हणाला, "बहिणीला सोन्याचं काय द्यायचं ते मग सरकारलाच देतो."

तेव्हा मधली सुट्टी धरली, २५ ते २९ मे. शनिवारी २३ला लग्न. आम्ही गुरुवारी रात्री निघणार आणि शुक्रवारच्या दोन हजेऱ्या उजळ माथ्याने बुडवणार.

तू म्हणशील, आधी का नाही उरकलं? डिसेंबरात आपण सगळे जमलो होतो तेव्हाच ओट्यावर ही चर्चा झाली, तू तेव्हा आत चकल्या तळत होतीस. नाताळच्या आधी त्यांचा आगमनकाळ, त्यात लग्न लावत नाहीत. १८ फेब्रुवारीपासून प्रायश्चित्तकाळ लागला, तो ईस्टरपर्यंत. ग्रेसने त्यासाठी चहा सोडलाय आणि तिच्या वॉर्डातल्या सगळ्यांनी तिच्याशी बोलणं. ईस्टरनंतरच्या आठवड्यात तिला रजा नाही. जुलैअखेर मोठी सुट्टी, तेव्हा पनवेलचा पाऊस. बँडवाले भिजत वाजवतील, पण वाद्यांत पाणी जातं म्हणून पैसे जास्त घेतील. राहिला मे.

बाबा तेव्हा किती खुलले होते आठवतं? ईस्टर दर वर्षी सरकतो तो का, असं त्यांनी फादरना विचारलं. २१ मार्चपासून पुढची पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार, हे कळल्यावर बाबा उठून पंचांगच घेऊन आले. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ला. "म्हणजे तुम्हीही चंद्राचेच!" असं म्हणून त्यांनी फादरच्या बशीत तिसरा लाडू ठेवला. त्या दिवसापासून बाबा चर्चच्या कामाला घरच्यासारखे लागले. आई, तू अधिक महिन्याची तक्रार करायची तर आधी घरात कर. त्यांना सगळं ठाऊक होतं.

कागदपत्रांचा तर त्यांनी ताबाच घेतला. ग्रेसचा बाप्तिस्मा नवीन पनवेलचा, नवरदेव विल्सनचा नंदाखालचा, राहतात दोघं स्लावला. म्हणजे मुंबई, वसई आणि इथला नॉर्दम्प्टन, तीन धर्मप्रांत. शिवाय विल्सनचा बाप्तिस्मा झाला तेव्हा वसई मुंबईतच होती, ती १९९८ला वेगळी झाली. "माझ्या दाखल्यावर कुलाबा जिल्हा आहे, मी कुठे रडतो?" इति बाबा. इथल्या फादरनी दोघांकडून बाप्तिस्म्याचा सहा महिन्यांच्या आतला दाखला मागितला. ग्रेस वैतागली, माणूस बाप्तिस्मा एकदाच घेतो, मग दाखला ताजा कशाला? तर म्हणे ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला त्याच वहीत त्या नोंदीशेजारी पुढे लग्नाचीही नोंद होते. दाखला ताजा असला की माणूस मध्यंतरी कुठे बोहल्यावर चढला नाही हे कळतं. बाबांनी ती वही पाहिली. जाड बांधणी, निळी शाई, समासात बारीक अक्षरात कुणाकुणाची लग्नं, मुंबईची, मस्कतची, एक चक्क कॅनडाची. छत्तीस वर्षं तलाठी राहिलेला माणूस त्या वहीवरून हात फिरवत म्हणाला, "हा खरा सातबारा. फेरफार वेळच्या वेळी, आणि कुणी खाडाखोड केलेली नाही." आता ते येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगतात असं पिंट्या म्हणाला.

पिंट्यावरून आठवलं. त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली, चांगलं झालं. पण चार्जिंगची वायर आपल्या ओट्यावरून का? बिल कोण भरतं? बाबा, "असू दे, घरचाच आहे" म्हणू नका. त्याने मला फोटो पाठवला त्यात मागे आपला मीटर दिसत होता.

सुमाआत्याला सांग, गुडघ्याचं ऑपरेशन मेच्या आत नको. ती नसेल तर फादरना प्रश्न कोण विचारणार? डिसेंबरात तिने विचारलं होतं की कन्यादान नसतं तर मग मुलीच्या बापाने दिवसभर करायचं काय. फादर हसून म्हणाले, "हात धरून वेदीपर्यंत आणायचं, आणि मग रडायचं." आत्याला ते एकदम पटलं. नंदूचा साखरपुडा मोडला की पुढे ढकलला ते नीट कळव. काकू म्हणते मोडला, तू म्हणतेस ढकलला आणि नंदू इन्स्टाग्रामवर अलिबागला दिसतो. आणि शेजारच्या वाड्याचा टॉवर होणार हे नक्की का? मग आपल्या गच्चीवर ऊन यायचं नाही, पापड कुठे वाळवशील?

पार्सल मिळालं. बाहेरचं खोकं फाटलेलं, आतलं सगळं शाबूत, फक्त अनारशाच्या पिठाच्या पुडीतून गुळाचा पाक गळून मेतकुटाला लागला होता. ते मेतकूट तुमच्या जावयांनी 'नवीन चव' म्हणून संपवलं. तू पुड्या ज्या पेपरात गुंडाळल्या होत्यास तो मी ओट्यावर सपाट केला आणि दोघांनी मिळून वाचला. पनवेलला पाणी एक दिवसाआड, फडके नाट्यगृहात शनिवारी कुठलं नाटक, एका सद्गृहस्थांचा दशक्रिया विधी. ओळखीचं कुणी नव्हतं. तरी मी तो पेपर टाकून दिलेला नाही. गुळाचा डाग पडलेला भाग कापून बाकीचा ड्रॉवरमध्ये ठेवलाय. चिमीने विचारलं, "हे कोण आजोबा?" मी म्हटलं, "पनवेलचे." तिला ते पुरलं.

या वेळच्या डिसेंबरची मला फार आठवण येते गं. ग्रेसची आई कुलकुलाचं पीठ घेऊन आली आणि तू म्हणालीस, शंकरपाळ्यांसारखंच तर आहे, द्या इकडे. मग काट्याच्या पाठीवर एकेक गोळी दाबून तुम्ही दोघी ते रेघांचे शिंपले वळत बसलात. तुझे सगळे एका मापाचे, त्यांचे लहानमोठे, आणि त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बिघडवलंत, आता लोक माझे ओळखतील." नाताळच्या दिवशी त्यांच्याकडे पंगतीला बसलो तर आबाकाका गायब. उलव्याहून त्याच दिवशी पहिली विमानं सुटली, ती बघायला तो गच्चीवर. खाली आला तो थेट स्वयंपाकघरात, त्यांच्या सोरपोतेलच्या पातेल्यापाशी, 'औषधापुरतं' म्हणत. लग्नातही त्याचं औषध लागणारच. पण तुझं पान आधी आणि वेगळं वाढायचं हे ग्रेसच्या आईने केटररला लिहून दिलंय, मी वाचलंय. इथे आमच्या डोक्यावरून दर दोन मिनिटांनी हीथ्रोची विमानं जातात. आम्ही मान वर करत नाही. आबाकाका मात्र एका विमानासाठी पंगत सोडतो. कधी कधी कपडे वाळत घालताना मी बघते वर, एखादं मुंबईकडे निघालेलं असेल म्हणून.

शिट्टी झाली. आले.

तर पुढे. वऱ्हाड वसईहून येणार. विल्सनच्या काकांचा आग्रह ब्रास बँडचा, आणि आपल्या आळीतल्या पोरांचा बेंजोचा. मी तोडगा काढलाय. चर्चपर्यंत ब्रास बँड, हॉलपासून पुढे बेंजो, रात्री दहाला दोन्ही बंद. बँडवाले दिवा-पनवेल मेमूने येतो म्हणताहेत, त्यांना बस करून द्या. तो मोठा ढोल घेऊन दिव्याला गाडी बदलणं म्हणजे काय, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसावं.

आता अधिक महिन्याचा उपाय, कारण तू त्याशिवाय झोपणार नाहीस. धोंड्याचा महिना आहे, म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. डिसेंबरात तू ग्रेसच्या डोक्यावर हात ठेवून "माझी दुसरी मुलगी" म्हणाली होतीस, साक्षीदार बरेच आहेत. मग विल्सन तुझा जावई झाला की नाही? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याला ताटात दिवा ठेवून वाण दे. हा महिना लग्नाला वर्ज्य असेल, पण नवा जावई मिळायला याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. जुन्या जावयांनी आत्ताच विचारलंय, की त्यांचे तेहतीस कमी होणार का. नाही म्हणून सांगितलं.

शेवटचं आणि महत्त्वाचं, बाबांसाठी. ग्रेसच्या आईचं माहेर उरणचं, ईस्ट इंडियन. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि उंबराचं पाणी आणतात, त्या पाण्याने नवरीची अंघोळ. नवीन पनवेलच्या सेक्टरात विहीर कुठली? तुम्ही डिसेंबरात छाती फुगवून "आमच्या वाड्यातली घ्या" म्हणालात, वरची जाळी काढून गाळही उपसलात, सगळं कबूल. पण त्या पेपरात पाणी एक दिवसाआड म्हणून छापलंय आणि तेव्हा फेब्रुवारी होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या विहिरीत बादली बुडेल इतकं तरी पाणी असतं का? मला आठवतं ते बेडूक आणि चिखल. तेव्हा २० तारखेला आत वाकून बघा. आटली असेल तर एक टँकर मागवा, रात्री मागवा, विहिरीत ओतून घ्या, आणि ग्रेसच्या आईला यातलं अक्षरही सांगू नका. टँकरचे पैसे मी पाठवते. पिंट्याला मदतीला घ्या, त्याने ती वायर निदान त्या दिवसापुरती काढावी.

तुमची,
मनू

ता. क. अनारशांसाठी तूप लावून ठेवलेलं पीठ परत पाठवू नको, इथलं अजून आहे. आमसुलं मात्र संपली.