लॉकरराव

पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एखादी तरी गाडी अशी असते, की तिच्या चाकांवरचा चिखल काढायला गाडी धुणाऱ्याला सक्त मनाई असते. ती लॉकररावांची. बॉनेटच्या कडेने टपापर्यंत चढलेलं काळं नळकांडं म्हणजे स्नॉर्केल. खोल पाण्यातही इंजिनाला वरची हवा मिळावी म्हणून. टपावर फावडं, रुतलेल्या चाकाखाली सारायच्या दोन नारिंगी फळ्या, माणसाच्या छातीएवढा जॅक. गाडीचा रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी. अर्थात पावसाळ्यातलं हिंजवडी ज्यांनी पाहिलंय, ते या तयारीला हसणार नाहीत.

गृहस्थ मुळात भला. आयटीत बऱ्या हुद्द्यावर, वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलगी बारावीला. चार माणसांत ते फारसं बोलत नाहीत, नुसती वाट पाहतात. "काय म्हणतेय गाडी?" असं कोणीतरी विचारण्याची. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांनी ते विचारलं. मामांचा हेतू ॲव्हरेजपुरताच होता. पण लॉकररावांनी ताटातल्या दोन जिलब्या उचलून चमच्याच्या दोन टोकांना टेकवल्या.

"ही मागची दोन चाकं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतो, तो डिफरन्शिअल. आता हे चाक चिखलात." एक जिलबी मठ्ठ्यात बुडाली. "याला पकडच नाही. आणि डिफरन्शिअल जोर वाटतो सारखा. घसरणारं चाक जेवढा पेलेल, तेवढाच दुसऱ्याला. म्हणजे हे गरागरा फिरणार आणि ते कोरड्या जमिनीवर असूनही ढिम्म! लॉकर लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. विषय संपला."

मामांच्या लेखी विषय जिलबी बुडाली तेव्हाच संपला होता. ती त्यांची होती.

लॉकर परदेशी, हवेवर चालणारा. बॉनेटखाली छोटा कॉम्प्रेसर, तिथून बारीक प्लॅस्टिकची नळी मागच्या ॲक्सलपर्यंत, डॅशबोर्डवर बटण. त्यापायी वहिनींचं मॉड्युलर किचन दोन दिवाळ्या पुढे गेलं. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा भरते. तिथे लॉकरराव रेनकोट घालून प्रेक्षक म्हणून जातात आणि उरलेलं वर्ष 'आम्ही गोव्याला' अशी सुरुवात करून बोलतात. गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बरंच कडक आहे, एवढं मी एकदा सुचवून पाहिलं. त्या संध्याकाळी ते लवकर घरी गेले.

तर जुलै महिना, मुळशी धरणाच्या पुढे, ताम्हिणीच्या अलीकडे. एका वाडीकडे जाणारी बैलगाडीची वाट. एकट्या गाडीने जायचं नाही हा या छंदातला पहिला नियम, आणि तो ग्रुपवर पिन करून ठेवणारे लॉकररावच. पण त्या रविवारी बाकीच्यांच्या घरून परवानगी आली नव्हती. टायरमधली हवा अठरावर आणून झाली, गॉगल चढला (पाऊस पडत होता), आणि वाट सोडून गाडी मुद्दाम एका ओघळीत तिरकी घातली गेली. पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं हवेत. बाकीची दोन जमिनीवर घट्ट. आणि फिरत होती ती फक्त हवेतली.

"अगदी असंच हवं होतं," लॉकरराव म्हणाले आणि बटण दाबलं.

दिवा लागला. कॉम्प्रेसर घर्रर्र सुरू झाला. हवा भरली की तो आपोआप बंद पडतो, असं मला आदल्या खेपेला सांगण्यात आलं होतं. तो बंद पडेना. गाडीही हलेना. लॉकररावांनी दिव्याकडे बोट दाखवलं. "लॉक झालंय. दिवा बघा ना." आता या दिव्याची गोम अशी, की बटण दाबलंय एवढंच तो सांगतो. आत डिफरन्शिअलमध्ये काय चाललंय याची त्याला खबर नसते. माणूस मात्र चाकाकडे न बघता दिव्याकडे बघत बसतो.

शेवटी ते चिखलात पालथे होऊन गाडीखाली शिरले. बाहेर फक्त महागडे बूट. आतून थोड्या थोड्या वेळाने निवेदनं येत होती. 'बिघडलंय' हा शब्द एकदाही आला नाही. "सिस्टिम प्रेशर होल्ड करत नाहीये." मग बाटलीतलं भांड्याच्या साबणाचं पाणी नळीवर हळूहळू ओतत गेले आणि सायलेन्सरपाशी बुडबुड्यांचा भला मोठा फुगा आला. नळी सायलेन्सरला टेकून वितळली होती. बोटाच्या पेराएवढा भाग. तेवढा कापून जोड बसवला की काम झालं. पण दोन डबे भरून अवजारं आणि तीन जातींचे दोर बाळगणाऱ्या माणसाकडे नळीचा जोड नव्हता.

एव्हाना बांधावर इरलं पांघरलेल्या एक आजी येऊन उभ्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "दोन चाकं वर हायेत." हे निदान दिव्यापेक्षा अचूक होतं. त्यांनीच नातवाला हाक मारली. चिखलणी अर्धी टाकून तो ट्रॅक्टर घेऊन आला.

"फोर बाय फोर ना साहेब?"

"हो. पण लॉकर..."

"बरं, दोर द्या."

दोर ताणला तसं ट्रॅक्टरचं एक मागचं चाक चिखलात फिरू लागलं. लॉकररावांचा चेहरा खुलला; आपल्याला सोबत मिळाली असं वाटलं असावं. पोराने मान न वळवता उजव्या टाचेने खालचं एक गंजकं पेडल दाबलं. दोन्ही चाकं एकदम फिरली आणि गाडी ओघळीतून बाहेर आली.

"हे... डिफ लॉक आहे?"

"हे व्हय? कंपनीतनंच येतं. चिखलात दाबायचं, वळताना सोडायचं."

लॉकररावांनी लग्नात दोन जिलब्या खर्ची घालून जे सांगितलं होतं, ते एवढंच होतं. ते बराच वेळ त्या पेडलाचे फोटो काढत होते. हल्ली कोणी "काय म्हणतेय गाडी?" विचारलं की ते ट्रॅक्टरपासून सुरुवात करतात, त्यामुळे व्याख्यान आणखी लांबलं आहे.

पोराने पाचशे रुपये सांगितले. लॉकररावांनी फोन काढला, पण तिथे रेंज नव्हती आणि त्यांच्या पाकिटात कार्डांखेरीज काही नव्हतं. तेव्हा पावसाळ्यात त्या बाजूला गेलात, तर एक, लावणीच्या खाचरात गाडी घालू नका, ते कोणाचं तरी वर्षाचं पोट आहे. आणि दोन, खिशात रोख ठेवा. पाचशे पुरणार नाहीत. लॉकररावांनी ग्रुपवर लोकेशन टाकल्यापासून तिथला दर हजार झाला आहे.