नियमाला बायपास

रत्नागिरी शहराला मुंबई-गोवा महामार्गाने पहिल्यापासूनच बायपास केलं आहे. महामार्ग हातखंब्यावरून पालीकडे निघून जातो आणि शहर आपलं पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून बसलेलं. कोकण रेल्वेनेही तेच केलं. स्टेशन गावाबाहेर, कुवारबावला. तेव्हा एखाद्या गोष्टीला न शिवता तिच्या कडेने कसं निघून जावं, हे रत्नागिरीकराला शिकवायला इंग्रजीचा मास्तर नको. तरी ‘बायपास करणे’ हे क्रियापद इथे असं रुळलं आहे, की ते आपलं नव्हे हे सांगावं लागतं.

इंग्रजीत हा शब्द आधी गॅसच्या नळीला चिकटला. मोठी तोटी बंद असली तरी बारीक ज्योत तेवत ठेवणारी ती आडनळी. पुढे तो रस्त्याला लागला, आणि १९६७ साली क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून हृदयाला जोडली तेव्हापासून आपल्याकडे घरोघरी पोचायच्या वाटेला लागला. या तिन्ही ठिकाणी बायपास म्हणजे सोय. त्यात कुणाचं वाकडं होत नाही, उलट अडलेलं वाहतं होतं. त्यामुळे ‘नियम बायपास केला’ असं म्हटलं की तेच पुण्य फुकटात पदरी पडतं. बोलणारा माणूस गुन्हेगार न वाटता इंजिनिअर वाटतो.

मराठी क्रियापदं इतकी उदार नाहीत. नियम धाब्यावर बसवायचा तर आधी तो उचलून छपरावर चढवायला हवा. त्याला केराची टोपली दाखवायची तर टोपली हवी, हरताळ फासायचा तर हरताळ हवा. वाटाण्याच्या अक्षता लावायच्या तर वाटाणे! एवढी तयारी चारचौघांत करायची म्हणजे लपवायला काही उरत नाही. इंग्रजीतला ‘फ्लाउट’ हा याच जातीचा: उघड, छाती काढून. ‘इव्हेड’ म्हणजे चुकवणे. कर चुकवणाऱ्याचं क्रियापद ते हेच. आणि ‘सर्कमव्हेंट’? त्याचा लॅटिन अर्थ भोवती येणे, घेरणे. हा अर्थ ध्यानात ठेवावा, मिरकरवाडा बंदरात तो लागणार आहे.

पळवाटेला इंग्रज ‘लूपहोल’ म्हणतात. मुळात ती किल्ल्याच्या तटातली, बाण सोडायची फट. आपण तिला जंगी म्हणतो. रत्नदुर्गाच्या तटाला प्रस्तुत लेखकाने एकदा अंग आक्रसून पाहिलं. असल्या फटीतून माणूस पळून जाऊ शकत नाही, हात फार तर जातो. मराठीने फट पाहिलीच नाही, सरळ वाट पाहिली. यात व्यवहारज्ञान कुणाचं जास्त, ते वाचकांनी ठरवावं.

याच गावात सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, राजकारण करायचं नाही, अशा अटी. त्या मुक्कामात त्यांनी भाषाशुद्धी चालवली; ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द त्यांच्या नावावर सांगतात. बायपासला आता ‘बाह्यवळण’ अशी पाटी लागते. रस्त्याला ती शोभतेही. पण ‘साहेबांना बाह्यवळण घातलं’ असं अजून एकाही कारकुनाच्या तोंडून ऐकू आलेलं नाही.

आता मिरकरवाडा. समुद्रात रस्ता नाही, मग बायपास कसला? पर्ससीन जाळं माशांच्या थव्याभोवती फिरवतात आणि बटव्याच्या नाडीसारखं खालून आवळतात. म्हणजे लॅटिनमधलं सर्कमव्हेंट, अक्षरशः. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने या जाळ्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. पण राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल. त्यामुळे जानेवारीतही मासळी येते, आणि विचारलं तर ती बाराच्या बाहेरची असते. माशाच्या अंगावर पत्ता छापलेला नसतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या उजेडात मासे गोळा करण्यावर बंदी घातली. ही बंदी बाराच्या पलीकडेही लागू, म्हणजे ते कारण बुडालं. तेव्हा दिवे एका नौकेवर आणि जाळं दुसरीवर, अशी वाटणी झाली. जाळंवाल्याकडे दिवा नाही, दिवेवाल्याकडे जाळं नाही. दोघेही धुतल्या तांदळासारखे. लहान होडीवर पोट असलेला पारंपरिक मच्छीमार मात्र याला बायपास वगैरे म्हणत नाही. तो जे म्हणतो ते मासिकात छापता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने एलईडीचा दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत नेला आणि जानेवारी २०२५ पासून वर ड्रोन फिरू लागले.

आंब्याचं सांगायचं तर ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याने ते नाव लावायचं नाही. आंबा लावतही नाही. नाव खोक्यावर असतं, आंबा कर्नाटकातला असतो, आणि गिऱ्हाईक दोघांना एकत्र पाहून पैसे देतं. हा बायपास नव्हे. याला मराठीत तोतयेगिरी म्हणतात आणि तोच शब्द वापरावा.

या क्रियापदाचं सगळ्यांत प्रामाणिक उदाहरण मात्र केरळने दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतच्या ५०० मीटरमध्ये दारूविक्री बंद झाली. उत्तर परवूरच्या एका बारमालकाने दार तिथेच ठेवलं आणि दारापुढे नागमोडी वाट बांधली, म्हणजे चालायचं अंतर भरावं. नियमाला वळसा घालतात म्हणजे काय करतात, ते त्याने बांधून दाखवलं. जाताना ठीक; येताना त्या वळणांतून गिऱ्हाईक कसं बाहेर पडत असेल, कोण जाणे.

रत्नागिरीला यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: हातखंब्याला वळा. सरळ गेलात तर थेट पाली.