दुतोंडेराव, आपला सत्कार करायचा आहे

रा. रा. स्प्लिटरराव दुतोंडे यांसी,
मुक्काम कॅबिनेटच्या पोटात, सेवा केंद्र, वरवंड, ता. दौंड, जि. पुणे.



पीकविम्याची मुदत संपत आलेली, सातबारा आणि आठ-अ घ्यायला आलेल्यांची रांग पार रस्त्याला टेकलेली. नेमका तोच मुहूर्त साधून आपण अंग काढून घेतलंत, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. काळ्या स्क्रीनवर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढीच पाटी. बायॉसमध्ये शिरून पाहिलं, तर विंडोज असलेली एसएसडी गायब आणि लोकांचे कागद स्कॅन करून ठेवलेली एक टीबीची हार्ड डिस्कही गायब. रांगेतले एक मामा म्हणाले, “लाइट आली म्हणून पळत आलो, तर आता तुमचं डबडं बसलं व्हय?”

मग आपल्या वाटचा मार बाकीच्यांनी खाल्ला. आधी लाइटला शिव्या, मग सोलापूर हायवेच्या धुळीला, मग विंडोजच्या अपडेटला. (बायॉसलाच डिस्क दिसत नाही तिथे बिचाऱ्या विंडोजचा काय संबंध? ते तर अजून उठलंही नव्हतं.) शेवटी दुरुस्तीवाल्याने कॅबिनेटचं झाकणही न उघडता निकाल दिला: मदरबोर्ड गेला, दोन्ही डिस्क गेल्या, नवीन सेटच घ्या. आपल्याकडे दोष किमतीच्या उतरत्या क्रमाने लावायची पद्धत आहे. त्यामुळे एसएमपीएसच्या एका वायरीतली वीज दोन्ही डिस्कना वाटून देणाऱ्या आपल्यासारख्या फुटकळ वायरपर्यंत चौकशी पोचतच नाही, हे आपण नेमकं हेरलंत.

तरी आपली खरी करामत पंख्यात होती. एसएमपीएसच्या ज्या वायरीला आपण लटकला होतात, तिच्यावरच कॅबिनेटचा पंखाही जोडलेला. तो गरगर फिरतोय म्हटल्यावर प्रत्येक जण म्हणे, “सप्लाय तर येतोय की!” येतच होता, फक्त अर्धा. पंख्याला पिवळ्या तारेतले 12 व्होल्ट पुरतात. एसएसडी जगते ती लाल तारेतल्या 5 व्होल्टवर. हार्ड डिस्कची मोटर 12 वर फिरते खरी, पण तिला फिर म्हणून सांगणारा बोर्डही 5 वरच चालतो. आपण पुढे फक्त पिवळी चालू ठेवलीत आणि लाल गिळून बसलात. एका तोंडाने हो आणि दुसऱ्याने नाही म्हणणारे पुढारी आम्ही पुष्कळ पाहिलेत. आपण मात्र दोन्ही तोंडांनी एकच खोटं बोललात. मांडुळाला दोन तोंडं असल्याची निदान अफवाच असते!

साटा केबल बदलून झाल्या, मदरबोर्डवरचे पोर्ट बदलून झाले. हार्ड डिस्कवर तळहात ठेवला, तर नेहमीची बारीक थरथर नाही. मग शेजारच्या बारावीतल्या पोराने विचारलं, “दादा, दोन्ही डिस्क एकाच मिनिटाला कशा मरतील? दोघींचं सामायिक काय आहे?” रोज सातबारे काढणाऱ्या केंद्रात सामायिक खातेदार शोधायचं दुसऱ्या कुणाला सुचू नये! आपल्याला सोडवून एसएमपीएसची साटा पॉवर थेट एसएसडीला लावली, तर विंडोज सुरू. पुन्हा बंद करून तीच पिन हार्ड डिस्कला दिली, तर तीही घुमायला लागली. मग आपल्याला उजेडात धरलं. पांढऱ्या मोलेक्स टोपणात चार पिना. त्यातली लाल तारेची पिन दोनेक मिलिमीटर मागे सरकलेली, आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. पिन सैल झाली की तिथे गरम होतं, गरम झालं की प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि मऊ पडलं की पिन आणखी सैल. एसएमपीएसशी आपलं हे साटंलोटं बरेच दिवस चाललेलं दिसतं. आपले भाऊबंद, ते तारा साच्यात घालून वरून प्लॅस्टिक ओतलेले, त्यांनी तर आतल्या आत तारा भिडवून जगभरात डिस्क जाळल्यात आणि कॅबिनेटमधून धूरही काढलाय. त्या मानाने आपण संत.

सगळंच श्रेय आपल्याला देता येत नाही, हेही नोंदवतो. एकच डिस्क कधी दिसते, कधी नाही, असं झालं तर मान डेटा केबलचा. त्या डिस्कच्या स्मार्ट अहवालातला 199 नंबरचा सीआरसी एररचा आकडा वाढत असेल, तर केबलची चोरी बहुधा पकडली गेली. काही मदरबोर्डवर एम-डॉट-टू खाचेत नवी एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट गुपचूप मिटतो. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी हे बायॉसमधलं सेटिंग चालू असेल, तर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही, आणि त्याचा ड्रायव्हर घातला की हजर. पण ही मंडळी एकेकट्याने काम करतात. दोघींना एकदम गाडायचं कसब आपलंच.

सत्काराचा तपशील असा: शाल-श्रीफळाऐवजी कटर, दोन्ही तोंडं अलग करून. डिस्क त्याच आहेत, मदरबोर्ड तोच आहे. साटा पॉवरच्या पुरेशा पिना असलेला नवा एसएमपीएस बसवलाय, त्यामुळे आपल्या खानदानातल्या कुणाला जागा शिल्लक नाही. मामांचा सातबारा निघाला. उत्तराची तसदी घेऊ नका, आपल्यामार्फत काही पोचत नाही याचा अनुभव घेऊन झालाय.

आपला,
वरवंडचा एक सेवा केंद्रवाला