युकुलेले निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका ज्यांना युकुलेले घ्यायची आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांना ती वाजवायचीही आहे त्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणाकडे जावे, कारण पहिल्या दोन प्रकरणांत रमलेला माणूस सहसा तिथवर पोहोचत नाही.

युकुलेले तीन गोष्टींवरून निवडतात: लाकूड, आकार आणि मान. लाकडावर बोलता येते, आकार दिसतो आणि मान हातात धरावी लागते. म्हणून मुरलेला खरेदीदार लाकडाला तीन महिने देतो, आकाराला तीन आठवडे आणि मानेला तीन मिनिटे. रूढीचा मान राखून आम्हीही त्याच क्रमाने जाऊ.

१. लाकूड

सुरुवात इतिहासापासून करावी. इतिहास सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार आपोआप वरच्या फळीवरचा माल दाखवतो. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेवन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदिरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी माणसे घेऊन होनोलुलूला लागले. त्यांत मानुएल नुनेश, औगुस्तो दियश आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तीन लाकूडकामाचे कारागीर होते. मदिरेच्या ‘माशेत’ या चिमुकल्या चौतारी वाद्यावरून त्यांनी हवाईत नवे वाद्य घडवले. राजा कालाकौआने त्याला दरबारात जागा दिली आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला त्याचे वेड लागले. थोडक्यात, या वाद्याचे आद्य पुरुष फर्निचर करणारे सुतार होते आणि हाताशी जे चांगले लाकूड मिळाले ते त्यांनी वापरले. हे शेवटचे वाक्य दुकानात उच्चारू नये. त्यानंतर बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

हाताशी मिळालेले ते लाकूड म्हणजे कोआ. हे झाड निसर्गतः फक्त हवाई बेटांवर वाढते. रंग सोनेरी-तपकिरी, आणि फळी उजेडात तिरकी केली की आतल्या लहरी हलल्यासारख्या दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कोआ हा अकेशिया, म्हणजे बाभळीच्या गोतातला. कोकणात वनखात्याने रस्तोरस्ती लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया त्याचा नातलगच. हवाईत हाताने घडवलेली कोआची टेनर आकाराची युकुलेले लाखाच्या पुढे जाते. एवढे पैसे मोजून घरी ‘बाभळीपैकी आहे’ असे सांगितल्यास चर्चा संगीताकडून भलतीकडे वळते. म्हणून ‘कोआ’ एवढेच म्हणावे आणि पुढच्या माणसाने ‘अच्छा’ म्हणेपर्यंत थांबावे.

महोगनी ज्यांना आवडते त्यांना संयमी समजतात. मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये युकुलेलेंचा व्यवसाय मांडला तो महोगनीवरच. आवाज मऊ आणि मधल्या सुरांत भरीव. महोगनी कडुलिंबाच्या कुळातली. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला वापरतात तो तूनही त्याच कुळातला. घरात तंबोरा असेल तर हे नाते जरूर सांगावे, सासरचे लोक खूश होतात.

आंबा. इथे मराठी खरेदीदाराने मन घट्ट करावे. हवाईत आंब्याच्या लाकडाच्या युकुलेले मोठ्या कौतुकाने घडवतात. त्यातही बुरशी शिरून काळ्या रेघा आणि हिरवट-गुलाबी छटा उमटलेली फळी विशेष देखणी मानतात. आपल्याकडे जी फळी फळांच्या पेट्या ठोकणाराही बाजूला टाकील, तिच्यासाठी तिथे जादा पैसे पडतात. देवगडचा पाहुणा आला असेल तर हा मुद्दा वगळावा. तो परत जाऊन परसातल्या कलमाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागेल.

याहून दुर्मीळ काही हवे असल्यास हवाईत मिलो आणि मंकीपॉड यांचीही वाद्ये करतात. मिलो म्हणजे आपल्या किनाऱ्यावर दिसणारा पारोसा पिंपळ, आणि मंकीपॉड म्हणजे ज्याच्या सावलीत तुमची स्कूटर उभी असते तो पर्जन्यवृक्ष. यावरून असे दिसते की विदेशी लाकूड विदेशी राहण्यासाठी किमान एक समुद्र लागतो.

आता थोडे खरे शास्त्र. तारेची थरथर ब्रिजमधून वरच्या फळीत उतरते आणि आवाजाचा मोठा भाग तीच फळी करते. त्यामुळे फरक शोधायचा तर वरच्या फळीत शोधावा. स्प्रूसची फळी लखलखीत आणि चटकन बोलते, सिडारची मवाळ आणि उबदार. मागची आणि बाजूची लाकडे मुख्यतः पाहण्यासाठी असतात. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा गिटारी एकसारख्या बनवल्या आणि फक्त मागची-बाजूची लाकडे बदलली. त्यांत दुर्मीळ ब्राझिली शिसव होते आणि साधे सापेलीही. ५२ गिटारवादकांना मंद उजेडात वेल्डरचे काळे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या, तेव्हा त्यांना महागडे लाकूड कोणते याचा भरवशाचा अंदाज येईना. प्रयोग गिटारींवर झाला, युकुलेलेवर नाही, हा युक्तिवाद तुमच्याकडे तयार असू द्या. पाहुण्यांना वेल्डरचे गॉगल मात्र देऊ नका.

लाकडाचा खरा प्रश्न जातीचा नसून हवेचा आहे. वाद्य अखंड लाकडाचे आहे की प्लायचे, हे आधी विचारावे. अखंड लाकूड अधिक मोकळे बोलते, पण हवेतल्या दमटपणाबरोबर फुगते आणि आकसते. वाद्य बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मागतात. मुंबईची जुलै महिन्यातली हवा ८० च्या वर असते, तर नागपूरला मे महिन्याच्या दुपारी ती २० च्याही खाली उतरते. मुंबईत फळी फुगून तारा उंच होतात. नागपुरात ती आकसते, चिरते आणि पडद्यांची धातूची टोके मानेच्या कडेबाहेर येऊन बोटांना बोचतात. तेव्हा पहिली युकुलेले प्लायची किंवा फार तर वरची फळी अखंड असलेली घ्यावी. ‘प्लाय’ हा शब्द लाजिरवाणा वाटत असेल तर ‘लॅमिनेट’ म्हणावे. तेही नको असेल तर १९४९ चा दाखला द्यावा: मारियो माकाफेरी या नामवंत गिटार-कारागिराने ‘आयलँडर’ ही चक्क प्लॅस्टिकची युकुलेले बाजारात आणली आणि ती लाखांनी खपली.

२. आकार

आकार चार. सोप्रानो, एकूण सुमारे २१ इंच; कॉन्सर्ट, २३; टेनर, २६; बॅरिटोन, ३० च्या आसपास. पहिल्या तिघी जी-सी-ई-ए अशा लावतात. बॅरिटोन डी-जी-बी-ई अशी लावतात, म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारांसारखी. बॅरिटोन घेतल्यावर यूट्यूबवरचे बहुतेक धडे तुम्हाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ही सोय समजावी. न शिकण्याचे इतके तांत्रिक कारण दुसरे मिळणार नाही.

‘माणूस मोठा तर वाद्य मोठे’ हा नियम दुकानात हमखास ऐकू येतो. त्यावर इझ्राएल कामाकाविवोओले यांचे नाव घ्यावे. तीनशे किलोंच्याही पुढे गेलेला तो प्रचंड देहाचा हवाईयन गायक छातीवर एक टेनर धरायचा, तेव्हा ती खेळण्यासारखी दिसायची. १९९३ च्या ‘फेसिंग फ्यूचर’ या संग्रहातले त्याचे इंद्रधनुष्याचे गाणे तेवढ्याशा वाद्यावर जगभर गेले. उलट बारीक अंगकाठीच्या माणसाला बॅरिटोन वर्ज्य आहे असेही कुठे लिहिलेले नाही.

देहाचा संबंध नसला तरी बोटांचा आहे. पडदे जसे पुढे जातात तसे जवळ येत जातात. सोप्रानोवर नवव्या आणि दहाव्या पडद्यात सुमारे ११.५ मिलिमीटर जागा मिळते, टेनरवर सुमारे १४.५. तुमच्या तर्जनीचे टोक पट्टीवर टेकवा आणि रुंदी वाचा. ती १५ च्या आसपास निघाली तर सोप्रानोवर तिथे बोट मावण्यासाठी शेजारचा पडदा सौजन्य दाखवील अशी आशा ठेवावी लागते. मात्र नवशिका पहिल्या तीन पडद्यांपलीकडे फारसा जात नाही, आणि तिथे सोप्रानोवरही १७ ते १९ मिलिमीटर जागा असते. म्हणजे ज्या अडचणीसाठी आपण टेनर घेतो, ती अडचण यायला आधी बरेच शिकावे लागते.

सोप्रानोचा आवाज टणटणीत आणि लवकर विझणारा, टेनरचा लांब रेंगाळणारा. फ्लॅटची भिंत सहा इंची नसेल तर हा मुद्दा शेजाऱ्यांनाही विचारावा.

निर्णय होत नसेल तर कॉन्सर्ट घ्यावी. ती कुणालाच नकोशी नसते, म्हणून तिचा अभिमान बाळगणारेही कमी भेटतात.

३. मान

हे प्रकरण छोटे असण्याची प्रथा आहे, कारण मानेवर फुशारकी मारता येत नाही. ‘माझी कोआची आहे’ असे म्हणणारे पुष्कळ. ‘माझ्या नटची रुंदी ३८ मिलिमीटर आहे’ असे सांगून लग्नात कुणी गर्दी जमवलेली नाही.

नट म्हणजे खुंट्यांच्या खालची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा मानेवर उतरतात. ती बहुधा ३५ मिलिमीटर रुंद असते, काही वाद्यांत ३८. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटल्यास डी कॉर्ड धरून पाहावी. दुसऱ्या पडद्यात शेजारशेजारच्या तीन तारांवर तीन बोटे. ३५ च्या नटवर दोन तारांमध्ये जेमतेम नऊ मिलिमीटर जागा असते, आणि बोटांची टोके दीडपट रुंद. मधले बोट वर ढकलले जाते, अनामिका पडद्यावरच चढते, आणि उरलेली मोकळी तार कुणाच्या तरी मांसाला टेकून ‘टप्’ असा मेलेला आवाज देते. हा ‘टप्’ कोआवर, महोगनीवर आणि आंब्यावर सारखाच येतो.

होनोलुलूच्या कमाका या युकुलेलेंच्या कारखान्यात वर्षानुवर्षे ऐकू न येणारे कारागीरही काम करत आले. फळी पुरेशी पातळ झाली का, हे ते तिच्यावर टिचकी मारून बोटांना लागणाऱ्या थरथरीवरून ओळखत. १९१६ पासून चालत आलेल्या घराण्याला वाद्याची पारख हातावर सोपवता येते. आपण मात्र तीन महिने वाचन करतो.

तेव्हा मान पाहण्याची रीत अशी:

डोळे मिटून ती हातात घ्यावी. अंगठा मानेच्या मागे मधोमध टेकतो का, की मान जाड असल्याने तो वर येऊन डोकावतो? मागची गोलाई कुणाला चपटी बरी वाटते, कुणाला भरीव. यात बरोबर-चूक नाही.

मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवावे. पडद्याचे एखादे टोक बोचले तर फळीच्या सौंदर्याकडे पुन्हा पाहू नये, वाद्य खाली ठेवावे.

बाराव्या पडद्यापाशी तार किती उंच आहे ते मोजावे. पडद्याच्या माथ्यापासून अडीच ते तीन मिलिमीटर बरी. मोजपट्टी नसेल तर गुळगुळीत एटीएम कार्डे वापरावीत. एक कार्ड सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असते. तीन कार्डे सरकली आणि चौथे अडखळले तर उत्तम. पाचवेही सहज गेले तर बोटे सोलवटणार. एवढी कार्डे जवळ असतील तर वाद्याचे हप्तेही परवडतील.

शेवटी पहिल्या पडद्यात तार दाबावी. जोर लागला तर नटच्या खाचा उथळ आहेत. अशा वाद्यावर पहिल्या पडद्याचे सूर चढे लागतात आणि नवशिका स्वतःच्या कानाला दोष देत बसतो. खाचा कानशीने किंचित खोल करणे हे गिटार दुरुस्त करणाऱ्याचे घटकाभराचे काम आहे. कोणतीही लाकूडबदली इतक्या स्वस्तात इतका फरक करीत नाही.

४. दुकानातील आचारसंहिता

दुकानदार वाजवून दाखवू लागला की नम्रपणे थांबवावे. तो कॅरमबोर्डावरही गाणे बसवील. वाद्य तुमच्या हातात वाईट कसे वाजते, हे पाहण्यासाठी तुम्ही आला आहात.

तीन वेगवेगळी लाकडे एकामागून एक वाजवून ‘फरक कळतोय’ असे म्हणू नये. तिन्हींच्या तारा वेगळ्या असतात. नायलॉन आणि फ्लोरोकार्बन यांतला फरक कानाला लाकडापेक्षा लवकर कळतो, आणि तारा काही शे रुपयांत बदलतात.

नव्या तारा काही दिवस ताणत राहतात, म्हणून वाद्य सारखे उतरते. ते परत करायला नेऊ नये.

५. शंकासमाधान

*मुलासाठी घ्यायची आहे. कोणती घेऊ?*
मुलाच्या हाताला बसेल ती. ‘मुलासाठी’ कोआची टेनर पाहत असाल, तर मुलाचे वय कळवावे.

*एक घेतली. दुसरी घ्यावीशी वाटते आहे.*
याला जगभरचे वादक युकुलेले जमवण्याचा रोग म्हणतात. उपाय ज्ञात नाही.

*वाजवायला कधी सुरुवात करू?*
सी कॉर्डला एकच बोट लागते: सर्वांत खालच्या तारेवर, तिसऱ्या पडद्यात, अनामिका. उजव्या हाताने चारी तारा छेडाव्यात. डाव्या हाताची बाकीची बोटे मोकळीच राहतात, पण त्यांनी फोनवर टेनरच्या किमती पाहायला जाऊ नये. अनामिका सरकते आणि ‘टप्’ असा आवाज येतो.