इडापिडा शेजारी जावो

शनिवारी सकाळी बाजारपेठेत एक पोऱ्या फिरतो. हातात तारांचा जुडगा, प्रत्येक तारेत कोळसा, लिंबू आणि सात मिरच्या. दुकानाच्या आकड्यावरची जुनी माळ उतरवायची, नवी अडकवायची. पैसे महिन्याकाठी.

शास्त्र असे, की अलक्ष्मीला, म्हणजे अवदसेला, आंबट-तिखट फार आवडते. दारातच पोट भरले की ती आत पाऊल टाकत नाही. ज्या दुकानात गिऱ्हाइकाला पाणी विचारत नाहीत, तिथे अवदसेचे जेवण मात्र चुकत नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये लिंबू भडकले, तेव्हा आमच्या रसवंतीवाल्याने रसातले लिंबू बंद केले. अवदसेला अर्ध्या फोडीवर भागव म्हणायची हिंमत कोणाची झाली नाही.

८ ऑक्टोबर २०१९ला, ऐन दसऱ्याला, फ्रान्समध्ये मेरिन्याकला पहिले राफेल ताब्यात घेताना संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी विमानावर ॐ काढला. चाकांखाली लिंबे ठेवली होती. क्षेपणास्त्रे वैमानिक चुकवील, नजर लिंबू बघून घेईल. कामाची वाटणी चोख.

२०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही लिंबू-मिरचीला हात लावलेला नाही. आमचाही लिंबाला आक्षेप नाही. आक्षेप आहे जुन्या माळेला. आठवडाभर साऱ्या गल्लीची नजर खाऊन टम्म झालेली ही माळ टाकायची कुठे? रस्त्यावर! आपल्या उंबऱ्यापासून चार हात लांब, जमल्यास शेजारच्या दुकानापुढे. ओलांडणाऱ्याला ती बाधते म्हणतात, आणि टाकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. मग स्कूटरवाले काका लिंबू चुकवायला कचकन वळतात आणि मागून येणाऱ्या टेम्पोवर आदळतात. टेम्पोच्या बंपरलाही लिंबू-मिरची असतेच, त्यामुळे चूक काकांची ठरते.

रविवारी पहाटे पालिकेची झाडूवाली बाई येते आणि अख्ख्या बाजारपेठेची इडापिडा उघड्या हातांनी गोळा करते. लिंबू ओला कचरा, तार सुका. अवदसा कोणत्या डब्यात, याचे परिपत्रक अजून निघायचे आहे.

"तिला नाही का हो बाधत?" एका शेठजींना विचारले.

"छे, त्यांना सवय असते," शेठजी म्हणाले. ती तेव्हा दिवाळीचे पोस्त मागायला त्यांच्याच पायरीशी उभी होती. तिला त्यांनी दिवाळी झाल्यावर यायला सांगितले.