जगात जर्मनी, कळा सोसायला परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही छाती फुगवून सांगतो. का, ते विचारू नये. वेदनाशामकांच्या खात्यात मात्र जर्मनीचा हिशेब चोख आहे. अफूतून मॉर्फिन वेगळे काढले एका जर्मन औषधालयातल्या मदतनिसाने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. 1898 मध्ये बायर कंपनीने हेरॉइन विकायला काढले, तेही खोकल्यावर! ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल, दोन्ही आखेनच्या ग्रुनेन्थाल कंपनीची. म्हणजे अर्धी म्हण सिद्ध झाली.

अमेरिकेने त्यावर कळस चढवला. 1996 मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन आणले आणि याचे व्यसन सहसा लागत नाही, असे डॉक्टरांच्या गळी उतरवले. 2007 मध्ये दिशाभुलीची कबुली दिली, दंड भरला, विक्री चालूच ठेवली. असल्या औषधांच्या आणि त्यांच्या चोरट्या भावंडांच्या अतिसेवनाने 1999 ते 2022 या काळात तिथे सात लाखांवर माणसे गेली. दरम्यान पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने पर्ड्यूच्या मालक सॅकलर घराण्याचे नाव भिंतीवरून उतरवले.

आपल्याकडे असला उतावळेपणा नाही. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनला अफू पाठवून गडगंज पैसा केला आणि 1842 मध्ये, म्हणजे पहिले अफूयुद्ध संपले त्याच साली, ते ‘सर’ झाले. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयाची पाटी जागेवर आहे. राहू द्या, चिन्यांच्या नशेतून मुंबईकराला निदान खाट तरी मिळाली.

पालघरच्या गोळ्यांतून कुणाला काय मिळाले? फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने दाखवले की तिथे कारखाना असलेल्या एव्हिओ फार्मास्युटिकल्सच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जातात. टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडॉल, अशी ही जोडगोळी. तिला भारतात मंजुरीच नाही. बाहेर पाठवायला मात्र हरकत नव्हती. हे आरोग्याला घातक आहे, पण हल्ली हाच धंदा आहे, असे कंपनीचे संचालक छुप्या कॅमेऱ्यापुढे बोलून गेले. सरकारने तातडीने छापा घातला, सुमारे 1 कोटी 30 लाख गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्या, निर्यात बंद केली. सरकारला टीव्ही दिसतो, ही समाधानाची गोष्ट.

इकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन ठेवणे इतके कटकटीचे केले की बहुतेक रुग्णालयांनी नादच सोडला. 2014 मध्ये कायदा सैल झाला. ती बातमी दिल्लीहून निघाली आहे, मनमाडला गाडी बदलून येईलच. लॅन्सेटच्या आयोगाने 2017 मध्ये मांडलेल्या हिशेबात भारताला मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांच्या गरजेच्या 4 टक्के मिळतात, अमेरिकेला 3000 टक्क्यांहून जास्त. मध्य प्रदेशात, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू डोलते आणि परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरचा कर्करोगी डायक्लोफेनॅकची सुई टोचून घेऊन देवगिरी एक्सप्रेसने मुंबईच्या ‘टाटा’ रुग्णालयात निघतो. पोचवायला आलेली मंडळी सांगतात, “काका, जरा दम धरा.”

तेव्हा आमची एक नम्र मागणी आहे. परभणी जिल्हा कागदोपत्री पश्चिम आफ्रिकेत दाखवावा. तिथे गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, इथे चिठ्ठी असून मिळत नाही. अर्ज टाइप करून ठेवला आहे. सोबत रहिवासी दाखला घानाचा जोडायचा की सेलूचा, एवढे तहसीलमधून कळले की झाले.